अर्ध्या वाटीचे जेवण



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर लागणारे घरचे, हलके आणि परवडणारे अन्न." ते जरा हसले. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी कामगार हे आमचे नेहमीचे विषय; युनियनच्या माणसाने पथ्यपाण्यावर बोलावे हे त्यांना चमत्कारिक वाटले असावे. आम्ही डॉक्टर नव्हे, आहारतज्ज्ञही नव्हे. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कपाटाने आणि काळाचौकीच्या आसपासच्या वाचनालयांनी केले. तथापि हा विषय आमच्या कामाबाहेरचा आहे असे आम्हांला वाटत नाही.

कामगाराच्या ताटात काय पडते याचा हिशेब या शहरात शंभर वर्षांपासून चालू आहे. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ साली येथील कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली. कामगाराचे खाणे तुरुंगातील कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षाही कमी भरते, असे तीत दिसून आले. पुढे १९५७ साली पंधराव्या भारतीय कामगार परिषदेने किमान वेतनाचे माप ठरविले. आहारशास्त्रज्ञ डॉ. ॲक्रॉइड यांच्या गणिताप्रमाणे काम करणाऱ्या प्रौढ माणसाला रोज २७०० उष्मांकांचे अन्न आणि कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड मिळाले पाहिजे, असे तिने मानले. हा २७०० चा आकडा आम्हांला पाढ्यासारखा पाठ आहे. त्याच्या आधाराने आम्ही अनेक मागणीपत्रे लिहिली.

आणि एके दिवशी आमच्यासमोर असा सहकारी येऊन बसला की, ज्याच्या पोटात दिवसाकाठी सहाशे-सातशे उष्मांक जेमतेम मावत होते. आमचे पाठ केलेले गणित त्याच्या उपयोगाचे नव्हते. नवे शिकावे लागले. जे शिकलो ते येथे मांडीत आहोत.

एक घर, एक डबा

हा सहकारी रखवालदाराचे काम करी. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर मुलाच्या वाट्याला फाटकावरची खुर्ची आली. बारा तासांची पाळी, बहुतेक रात्रीची. भूक लागली की वडापाव, झोप आली की गोड चहा. वजन वाढत गेले, मधुमेह झाला, झोपेत श्वास कोंडू लागला. अखेर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. सोसायटीचे कर्ज काढले, वहिनींच्या बांगड्या गहाण पडल्या.

अशा शस्त्रक्रियेचे नाव आपल्याकडे घरोघर पोचले ते २०१७ साली. इजिप्तमधील एका अतिस्थूल महिलेला विमानाने मुंबईत आणून चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत रोज किलोंचे आकडे येत होते. परंतु घरी आलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी सकाळी काय वाढायचे, हे वर्तमानपत्रात येत नाही. ते त्या घरच्या बाईला शोधावे लागते.

आम्ही भेटीला गेलो तेव्हा वहिनींनी रुग्णालयातून मिळालेला छापील कागद पुढे केला. "भाऊजी, हे वाचून सांगा. ब्रोकोलीचे सूप लिहिले आहे. ॲव्होकाडो म्हणजे काय? आणि हा प्रोटीनचा डबा पंधरा दिवसांत संपतो."

आम्ही म्हटले, "वहिनी, पेज का देत नाही? मुगाचे कढण?"

त्या खाली पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "पेज दिली तर चाळीत म्हणतील, एवढे लाखाचे ऑपरेशन केले आणि आता पेजेवर आले."

कॉटवरून आमचा सहकारी बोलला, "पेज संपात खाल्ली तेवढी पुरे झाली."

यावर आम्हांला लगेच काही बोलता आले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा आम्ही दोघेही बारा-तेरा वर्षांचे होतो. त्या वर्षी कित्येक घरांत सकाळी पेज आणि रात्री पेज असे. कुणाला गावी धाडले, कुणाचे शिक्षण तुटले. आमच्या पिढीच्या जिभेवर पेजेची चव आहे ती अशी. म्हणून फळीवरचा रंगीत डबा हे उपचाराचे लक्षण वाटते आणि पातेल्यातील पेज हे गरिबीचे. वास्तविक अडचण पैशांची होती, तितकीच लाजेची होती. स्वस्त अन्नाविषयी बोलताना ही लाज ओळखली नाही, तर सगळा उपदेश फुकट जातो.

शस्त्रक्रिया काय करते

आता थोडे शरीराविषयी. या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार आपल्याकडे अधिक चालतात. पहिल्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. तिच्यात सुरुवातीला साधारण कटिंग चहाच्या ग्लासाएवढे मावते. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला एक लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. या पिशवीत आरंभी सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावतात. उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग यांना वळसा घालून अन्न पुढे जाते. हा दुसरा प्रकार अमेरिकेत १९६६ च्या सुमारास एडवर्ड मेसन या शल्यवैद्याने सुरू केला.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, अन्न थोडेच मावते. म्हणून जे मावते त्यात कस पाहिजे. दोन, भूक लावणारा एक स्राव मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतो; पहिल्या प्रकारात तो भागच निघून गेल्याने सुरुवातीला भूक फारशी लागत नाही, आणि खाणे हे काही दिवस औषधासारखे कर्तव्य होऊन बसते. तीन, काही जीवनसत्त्वे व क्षार अंगी लागण्याची वाट अरुंद होते. साखरेचे पदार्थ एकदम आतड्यात उतरले, तर छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब होतात. विशेषतः दुसऱ्या प्रकारात हा त्रास अधिक. म्हणून अशक्तपणा आला म्हणून शिरा किंवा ग्लुकोजचे पाणी द्यावे, ही आपली जुनी माया येथे उलट उठते.

पातेल्यातील पायऱ्या

खाण्याच्या पायऱ्या रुग्णालय ठरवून देते, आणि त्याने सांगितलेला शब्द शेवटचा. सामान्यतः पहिले एक-दोन दिवस नितळ पातळ पदार्थ, मग सुमारे दोन आठवडे सर्व प्रकारचे पातळ अन्न, त्यानंतर दोन आठवडे घोटलेले, पुढे महिनाभर मऊ, आणि दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचे, असा क्रम असतो. आम्ही वहिनींसोबत कागदावरील एकेका इंग्रजी पदार्थापुढे घरचा पदार्थ लिहीत गेलो, आणि ती यादी रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंना दाखवून आणली. त्यांनी दोन ठिकाणी खुणा केल्या आणि बाकी सर्व मान्य केले.

पातळ अन्नाच्या आठवड्यांत मुगाचे कढण. मूठभर मुगाची डाळ भरपूर पाण्यात मऊ शिजवून, घोटून, गाळून घ्यावी. मीठ, चिमूटभर हिंग, भाजलेल्या जिऱ्याची पूड, उतरवल्यावर दोन थेंब लिंबू. लोणी काढलेले पातळ ताक. साय काढलेले दूध. आणि त्याच दुधात दोन मोठे चमचे साधी दुधाची पावडर मिसळली, तर पेला तेवढाच राहून प्रथिने सुमारे पाच ग्रॅमनी वाढतात. काहींना शस्त्रक्रियेनंतर दूध सोसत नाही, पोट गडगडते. त्यांनी दही-ताकाकडे वळावे. खाणाऱ्यांसाठी कोंबडीच्या हाडांचे गाळलेले पाणी, वर मिरीची पूड.

घोटलेल्या अन्नाच्या आठवड्यांत आपली पेज येते. पण संपातली पेज नव्हे. त्या पेजेत तांदूळ आणि पाणी होते, म्हणून पोट भरले तरी अंगात बळ आले नाही. आता एक भाग उकडा तांदूळ आणि दोन भाग मुगाची डाळ घ्यावी, गुरगुट्या शिजवून रवीने घोटावी. कोकणातल्या घरी कुळथाची पातळ पिठी आहेच: दोन चमचे पीठ, कोकम, ठेचलेली लसूण. कुळीथ डाळींइतकाच प्रथिनांनी भरलेला असतो. घाटावरच्या मंडळींनी ज्वारीच्या कण्या ताकात मऊ शिजवाव्यात. नाचणीची आंबील ताकातली करावी, गुळातली नव्हे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, इतके दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या धान्यात नाही.

मऊ अन्नाच्या दिवसांत अंड्याची ओलसर भुर्जी. उकडलेल्या अंड्याचा घट्ट पांढरा भाग पुष्कळांना आरंभी अडकतो. मासे खाणाऱ्यांना ओला बोंबील गिळायला सोपा, परंतु तो अंगाने पाणीदार आहे. त्याच वजनाच्या बांगड्यात प्रथिने बरीच अधिक. बांगडा उकडून, काटे नीट काढून, चिंचेच्या पातळ कालवणात कुस्करावा. खोबऱ्याचे वाटण नाममात्र. पावसाळ्यात मासे महागतात तेव्हा सुका जवळा दोनदा धुऊन, भाजून, पूड करून चमचाभर पिठीत टाकावा. शाकाहारी घरात सोयाच्या वड्या भिजवून, पिळून, वाटून खिम्यासारख्या कराव्यात. वजनाच्या मानाने प्रथिनांचा इतका स्वस्त पदार्थ बाजारात दुसरा नाही.

ताजा पाव, मऊ पोळी आणि चिकट भात हे पोटात गोळा होऊन बसतात. काही महिने त्यांच्या वाटेस जाऊ नये. पुढे भाकरी घ्यावी ती आमटीत कुस्करून. सोडा आणि बियर वर्ज्य. दारू तर या शस्त्रक्रियेनंतर फार लवकर चढते, आणि भुकेची जागा तिने घेतलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. विडी आणि सिगारेट यांनी जोडाच्या जागी व्रण होतात. तंबाखू आणि मशेरीबद्दल वेगळे सांगावयास नको. अंगदुखीची गोळीदेखील डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. तिनेही तेच व्रण होऊ शकतात.

जमाखर्च

आता हिशेब. या रुग्णांना बहुधा रोज ६० ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक प्रथिने घ्यावयास सांगतात. नाही तर चरबीबरोबर स्नायूही वितळतात, केस गळतात, जिना चढवत नाही. वहिनींनी किराणा मालाच्या वहीतच एक पान केले. शस्त्रक्रियेला दोन महिने झाल्यानंतरचा त्यातला एक दिवस असा:

दोन अंडी, १२ ग्रॅम.
अर्धा लिटर गाईचे साय काढलेले दूध, १६ ग्रॅम.
साय काढलेल्या दुधाची पावडर २५ ग्रॅम, तिच्यात ९ ग्रॅम.
मुगाची डाळ किंवा कुळीथ ४० ग्रॅम, त्यात ९ ग्रॅम.
बांगडा साफ केलेला ६० ग्रॅम, त्यात ११ ग्रॅम.
दही १०० ग्रॅम, त्यात ३ ग्रॅम.

बेरीज ६०. शनिवारी मासा नसेल तेव्हा २० ग्रॅम सोयाच्या वड्या. १० ग्रॅम मिळतात, एकाचा फरक. हे सर्व एका बैठकीत नव्हे, दिवसातून सहा वेळा विभागून. प्रत्येक वेळी आधी प्रथिनांचा घास, मग भाजी, आणि जागा उरली तर भात किंवा भाकरी. भात आधी आणि कालवण बोटभर, ही आपली रीत उलटी करावी लागते. पाणी जेवताना प्यायचे नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट घोट, दिवसभरात दीड लिटरच्या आसपास.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पहिला महिना-दीड महिना हे सगळे पोटात मावतच नाही; त्या काळात डॉक्टरांनी दिलेली प्रोटीनची पावडर लागते, आणि पैसे वाचविण्यासाठी ती मध्येच बंद करणे वेडेपणाचे आहे. आमचे म्हणणे इतकेच की, ती काठी आहे, पाय नव्हे. आमच्या सहकाऱ्याच्या घरी तिसऱ्या महिन्यापासून आहारतज्ज्ञ बाईंच्या संमतीने डबा थांबला. महिन्याला दोन डबे लागत; तेवढ्या पैशांत रोजची दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध आले, आणि डाळीला हातभार लागला.

जेथे काटकसर चालत नाही

डबा थांबला तेव्हा आमच्या सहकाऱ्याने मोठ्या उत्साहाने जीवनसत्त्वांच्या गोळ्याही थांबविल्या. "चांगले जेवतो आहे, गोळ्या कशाला?" पाच-सहा महिन्यांत तो जिन्यावर धापा टाकू लागला, तोंड आले, चेहरा पांढरा पडला. रक्त तपासले तेव्हा पांडुरोग निघाला. यात थोडा दोष आमचा होता. स्वस्ताईच्या भरात काटकसर कोठे करायची हे आम्ही सांगितले, आणि कोठे करायची नाही हे सांगावयाचे राहिले.

या चुकीचे उत्तर आमच्या घराजवळच सापडले. काळाचौकीहून परळच्या दिशेने निघाले की फार वेळ न चालता हाफकिन संस्था लागते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आल्या आणि त्यांनी या संस्थेत काम केले. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणी भयंकर पांडुरोग होई आणि त्यात अनेक दगावत. प्रथम जंतूंचा संशय होता. बाईंनी या बायांचे खाणे तपासले, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि दोष आहारात आहे असे ठरविले. यकृताच्या अर्काने गुण येई, पण तो महाग. मग त्यांना असे आढळले की, मार्माइट नावाच्या यीस्टच्या साध्या, स्वस्त अर्कानेही या बाया बऱ्या होतात. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील जो गुणकारी अंश, तोच पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज जगभर गरोदर बाईला त्याची गोळी देतात. हा शोध लागण्यास आपल्याच गिरणगावातील बाया कारण झाल्या, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

या गोष्टीत दोन धडे आहेत. औषध महाग असलेच पाहिजे असे नाही, हा एक. पोट भरले तरी एखादा अंश अन्नातून निसटू शकतो, हा दुसरा. आणि तो अंश किती लहान आहे याला महत्त्व नाही. या शस्त्रक्रियेनंतर लोह, फॉलिक ॲसिड, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम ही जन्मभर पाहावी लागतात. ब-१२ अंगी लागण्यासाठी जठरातून एक विशिष्ट द्रव्य यावे लागते. जठरच लहान झाल्यावर ते पुरेसे मिळत नाही. शिवाय ब-१२ भाजीपाल्यात नसते, म्हणून शाकाहारी रुग्णांनी दुप्पट जपावे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. गोळ्यांचा खर्च कमी करायचा तर डॉक्टरांना विचारून त्याच औषधाची साध्या नावाची गोळी जनऔषधी दुकानातून घ्यावी. गोळी बंद करणे ही काटकसर नव्हे. ती पुढच्या आजारपणाची उधारी आहे.

असेच ब-१ जीवनसत्त्वाचे. गेल्या शतकाच्या आधी जावा बेटात आइकमन या डच डॉक्टरांनी पाहिले की, पांढऱ्या सडलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सावरतात. बेरीबेरी या माणसाच्या रोगाचे मूळ त्यावरून सापडू लागले. १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तांदूळ उकडताना हे जीवनसत्त्व कोंड्यातून दाण्यात उतरते, म्हणून आपल्या कोकणातील उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा सरस. पेजेला उकडा घ्या असे आम्ही म्हटले ते याकरिता. पण येथे अन्नावर विसंबून चालणार नाही. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस सारख्या उलट्या होत राहिल्या, पाणीही टिकेना, किंवा चालताना झोक जाऊ लागला, एकाचे दोन दिसू लागले, तर कढण करीत बसू नये. सरळ रुग्णालय गाठावे. ताप, पोटात तीव्र कळ आणि छातीत धडधड यांचेही तसेच.

जिवाला बरे वाटणे

इथवर शरीराचे झाले. परंतु माणूस ग्रॅम मोजून जगत नाही. आमचा सहकारी वजनाने उतरत होता आणि मनाने खचत होता. घरात रविवारचे मटण शिजे, मुले जेवायला बसत, आणि हा खिडकीकडे तोंड करून बसे. सत्यनारायणाच्या पूजेला जाईना. "सगळे जेवतात आणि मी तीन चमचे घेऊन बसतो. लोक विचारतात, तब्येत बरी नाही का? काय सांगू?"

जिवाला बरे वाटणारे अन्न म्हणजे तूप, साखर आणि तळण असे आपण धरून चालतो. नीट पाहिले तर त्यात तीन गोष्टी असतात: अन्न गरम असणे, वास ओळखीचा असणे, आणि शेजारी कुणी असणे. तिन्हींना फार पैसे पडत नाहीत आणि तिन्ही पोटात जागा अडवीत नाहीत. शस्त्रक्रिया पोटावर झाली, नाकावर नव्हे. अर्धा चमचा तेलात जिरे, लसूण आणि कढीपत्ता तडतडला की साध्या कढणाला घरपण येते. वड्याची फार आठवण येते असे तो म्हणाला, तेव्हा वहिनींनी वड्याच्या सारणाचीच आले-लसूण-मोहरी-हळदीची फोडणी वाटलेल्या सोयाला दिली आणि वर चिमूटभर लालबागच्या बाजारातील सुकी लसणाची चटणी टाकली. पाव नाही, तळण नाही. त्याने अर्धी वाटी अर्ध्या तासात संपविली आणि पहिल्यांदा म्हणाला, "जेवलो." मिसळीचेही तसेच: मोड आलेली मटकी मऊ शिजवावी, तर्री आणि फरसाण वगळावे. सणाला मोदक आलाच तर चिमूटभर. प्रसाद कणभरच असतो, त्याला कुणी कमी म्हणत नाही.

आणि पंगतीत त्याला वेगळे बसवू नये. त्याच पातेल्यातले वरण तिखट घालण्याआधी वाटीभर काढून घ्यावे; त्याचे अन्न वेगळे नको, वाढप वेगळे हवे. लहान वाटी, लहान चमचा. वहिनींनी मुलांनाही तेच मुगाचे कढण जेवणाआधी वाढायला सुरुवात केली, तेव्हा त्या घरात ते आजाऱ्याचे अन्न राहिले नाही. पेजेची लाज अशी गेली, आमच्या व्याख्यानाने नव्हे. कमी घेणे आपल्याला नवीन नाही. या मुंबईत भरलेल्या चहाच्या निम्मा चहा मागणे कुणाला कमीपणाचे वाटत नाही. त्याला आपण कटिंग हे नाव दिले आणि पाहुण्यालाही पाजतो. मग अर्ध्या वाटीच्या जेवणालाच का लाजावे?

हळू जेवण्याचा हक्क

शेवटी आमच्या मूळ कामावर येतो. या रुग्णाने एक घास वीस-पंचवीस वेळा चावावा, एका जेवणाला अर्धा तास द्यावा आणि दिवसातून सहा वेळा खावे, असे सांगतात. हे सांगणे सोपे आहे. आमच्या वडिलांच्या पिढीने भोंगा वाजायच्या आत डबा संपविला. तीच घाई आमच्या घशात उतरली. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घातली, ती काही मालकांच्या दयेने आली नाही. फाटकावर एकटा उभा असलेल्या रखवालदाराला मात्र तो अर्धा तासही दुर्मीळ. कामावर रुजू झाल्यावर आमचा सहकारी दोन मिनिटांत डाळ गिळी आणि भिंतीआड जाऊन ओके. म्हणून आम्ही त्याच्या मालकाकडे मागणी नेली: पाळीत दहा-दहा मिनिटांच्या चार सुट्ट्या, मध्ये एक अर्ध्या तासाची, आणि बदलीला माणूस. तीन बैठका लागल्या. लेखी काही मिळाले नाही, पण बदली माणूस येऊ लागला, आणि लवकरच इतर रखवालदारही त्या सुट्टीत बसून खाऊ लागले. एका आजाऱ्याची गरज होती, ती सगळ्यांच्या कामास आली.

ज्यांना घर नाही, चूल नाही, त्यांचे काय? गिरणगाव खाणावळींवर जगले. त्या खाणावळवाल्या बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, आणि सावकाराच्या पाशातून त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेले. आज खाणावळी थोड्या उरल्या, पोळीभाजी केंद्रे वाढली. आमची त्यांना विनंती आहे की, पूर्ण थाळीच्या पाटीखाली एक ओळ लिहावी: डाळ, उसळ, अंडे किंवा मासा अर्ध्या वाटीने मिळेल, दाम अर्धे. आमच्या भागातील एका केंद्राच्या बाईंनी हे सुरू केले आहे. त्यांच्याकडे शस्त्रक्रियेची माणसे दोन-तीनच येतात. उरलेले गिऱ्हाईक म्हातारी माणसे आणि मधुमेहाची माणसे आहेत. त्यांनाही थाळी संपत नव्हती, आणि सांगायला संकोच वाटत होता.

मंडळी, २७०० उष्मांकांची मागणी आम्ही सोडलेली नाही. ज्याला तेवढे लागते त्याला तेवढे मिळालेच पाहिजे. पण ज्याला अर्धी वाटी लागते, त्याला ती कसदार, गरम, परवडणारी आणि सगळ्यांबरोबर बसून मिळावी, हीदेखील त्याच मागणीतील एक कलम आम्ही मानतो. गेल्या गणपतीत आम्ही त्या घरी गेलो होतो. वहिनींनी आम्हां दोघांपुढे दोन सारख्या वाट्या ठेवल्या. दोन्हींत मूगडाळीची पेज होती, वर जिऱ्याची फोडणी. आमची पाच मिनिटांत संपली. त्याची संपेपर्यंत आम्ही बसून राहिलो.